निरोप पाठवला आहे

२७ जानेवारी, सोमवार

धाकट्याचा फोन आला. माझा भाऊ स्वतःहून फोन करतो तेव्हा त्याचं काहीतरी काम अडलेलं असतं, हे आता आईसुद्धा मान्य करते. तो आणि त्याचे मित्र गाण्याची स्पर्धा भरवतायत. शेवटच्या फेरीला लोकांनी घरबसल्या मतं द्यायची. त्यासाठीची वेबसाइट कुणीतरी करून दिली आहे, फक्त ठेवायला जागा हवी. "तुझ्या त्या डब्यात टाक ना ताई," म्हणाला.

माझा डबा म्हणजे सर्व्हर. कुठल्यातरी लांबच्या इमारतीतलं भाड्याचं एक यंत्र. मी ते कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही, घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून चालवते. त्यात सध्या तीन बिऱ्हाडं आहेत: सायकल दुरुस्तीवाला, भरतकामवालीचं दुकान आणि मेट्रनचं सोबत मंडळ. बाहेरून येणाऱ्याला तीन पत्ते आणि तीन दारं दिसतात, आत मात्र शेगडी एकच. एकाने ती अडवून धरली की बाकीच्यांचं दूध तापत नाही.

तिघांत मंडळाचं काम नाजूक. मेट्रन निवृत्त परिचारिका, पण अजूनही सगळे त्यांना मेट्रनच म्हणतात. ज्या आजाऱ्यांच्या घरी गाडी नाही आणि माणूसही नाही, त्यांना दवाखान्यात नेऊन आणायला त्यांनी गाडीवाले गोळा केलेत. संध्याकाळी त्या दुसऱ्या दिवशीच्या पाळ्या लावतात आणि माझ्या प्रोग्रामचा एक भाग ज्याच्या त्याच्या फोनवर निरोप पाठवतो. त्या भागाला मी निरोप्या म्हणते. काम घेतलं तेव्हा मेट्रनना शब्द दिला होता, तुमच्या शेजारी गर्दीचं काहीही ठेवणार नाही.

धाकट्याला हे सांगायला हवं होतं. मी "बघते" म्हणाले. मागे आत्याकडे त्याने माझी ओळख "ही घरी बसून कंप्युटरचं काहीतरी करते" अशी करून दिली होती. ते वाक्य अजून घशात अडकलंय.

३० जानेवारी, गुरुवार

धाकट्याचं बिऱ्हाड आत घेतलं. काम चोख झालं. चौथं दार, चौथा पत्ता.

नवरा दुकानातून आला तेव्हा मी शिट्टी वाजवत होते. हा चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांना "आता दिसतंय का?" विचारून त्याला घरीही तीच सवय लागली आहे. म्हणाला, "मेट्रनना विचारलंस?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"मग विचारायला काय हरकत आहे?"

विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. हे काही मी त्याला बोलले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस होता! सकाळी मतदान सुरू झालं आणि दुपारपर्यंत माणसं धो धो आत येत होती. पडद्यावरची रेघ वर, वर, वर. आईने तीनदा फोन केला, "चालतंय ना गं? बंद नाही ना पडणार?" बंद कसं पडेल, मी बसलेय ना.

दुपारी जरा टरकले होते. मेमरी काठोकाठ भरली. सायकलवाल्याचं पान उघडेना, भरतकामवालीचं रखडायला लागलं. धाकट्याचा मेसेज, "ताई, हळू चाललंय, लोक शिव्या देतायत." तेव्हा जरा जागा करायला निरोप्याला थोडा वेळ बंद केलं. रविवारी दुपारी त्याला काम काय असतं? मेट्रन संध्याकाळी पाळ्या लावतात. बंद केल्याबरोबर मतदान पळायला लागलं.

मग धाकट्याने गाडी पाठवली, "तू इथे हॉलवर ये." साडी बदलायलाही वेळ नव्हता. निकाल लागल्यावर त्याने मला स्टेजवर बोलावलं. माइकवर म्हणाला, "आज हे सगळं जिने पेललं ती माझी ताई." सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. आई पहिल्या रांगेत होती आणि शेजारणीला कोपराने ढोसून दाखवत होती.

थकले आहे. पाय दुखतायत. पण आज झोप छान लागेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मेट्रनचा फोन. गणिताच्या बाईंना डायलिसिसला न्यायला कुणी आलं नाही. बाई इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून बसून राहिल्या. नेहमीचा गाडीवाला गावाला गेलाय म्हणून आज हळूकाकांची पाळी होती. हळूकाका म्हणजे बस चालवून निवृत्त झालेले काका. गाडी इतक्या सांभाळून हाकतात की सायकली त्यांना मागे टाकतात, म्हणून हळूकाका. बाईंना वाटलं, येतीलच हळूहळू. दवाखान्यातला पलंग तोवर दुसऱ्या रुग्णाला दिला गेला.

"बाकीचे सगळे आपापल्या ठरलेल्या पाळीला गेले," मेट्रन म्हणाल्या. "माझ्या पडद्यावर काकांना निरोप पाठवलाय असं दिसतंय. तू तुझ्या बाजूने बघतेस का?"

"बघते," म्हटलं.

बघायची गरजच नव्हती. फोन ठेवायच्या आधीच मला कळलं होतं. निरोप्या काल दुपारपासून बंदच होता. मी हॉलवर टाळ्या घेत होते तेव्हाही बंद, घरी येऊन झोपले तेव्हाही बंद. काल संध्याकाळचे निरोप त्याच्या पुढ्यात रांगेत उभे होते. आणि मेट्रनच्या पडद्यावर ‘पाठवला’ दिसतं, कारण तो प्रोग्राम मीच तसा लिहिलाय. निरोप्याच्या हाती दिला की आपल्या लेखी पाठवला. तेव्हा वाटलं होतं, एवढं पुरे आहे.

निरोप्या सुरू केला. रांगेतले निरोप पुसून टाकले. शिळे निरोप गेले असते तर लोकांचा गोंधळ उडाला असता.

हे शेवटचं वाक्य मी खोडणार होते. राहू दे. पुसताना माझ्या मनात लोकांचा गोंधळ नव्हता.

मेट्रनना उलट फोन केला. "माझ्या बाजूने सगळं नीट दिसतंय."

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना काल रात्री धाप लागली. त्यांना दवाखान्यात ठेवलंय, फुप्फुसात पाणी झालं म्हणतात. या बाईंनी मला शाळेत अपूर्णांक शिकवले. मला कधीच जमायचे नाहीत आणि त्या कधीच ओरडायच्या नाहीत.

दुपारी मेट्रन आणि हळूकाका घरी आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू साहेबापुढे उभं राहायचं आहे. मी दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"मला कुणाशी भांडायचं नाहीये," मेट्रन म्हणाल्या. "फक्त निरोप गेला की नाही ते कळू दे."

पडद्यावर लिहिलं होतं, ‘निरोप पाठवला आहे.’ मी बोट ठेवून दाखवलं. 

काकांनी फोन काढला. चष्मा वर केला, खाली केला, अंगठ्याने वर खाली सरकवत राहिले. "माझ्यात नाहीये."

"पुसला गेला असेल काका," मेट्रन म्हणाल्या.

"मी काही पुसत नाही." मग पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पुसला असेन." आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "असं होतं का गं? माणूस वाचतो, पुसून टाकतो, आणि त्याचं त्यालाच आठवत नाही?"

मी म्हणाले, "होतं कधी कधी. माझंसुद्धा होतं."

काकांनी मान हलवली. निघताना दाराशी थांबून त्यांनी चपला घातल्या, मग खाली बघून खात्री केली की त्या त्यांच्याच आहेत. मेट्रन जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "मी त्यांना काही बोलणार नाही. वय झालंय. फक्त आता महत्त्वाच्या पाळ्या नाही देणार."

मी दार लावलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना भेटून आले. नाकाला नळी होती, बोलायला दम लागत होता. तरी वर्गात विचारावं तसं विचारलं, "काय करतेस हल्ली?"

"कंप्युटरचं काहीतरी," म्हटलं. धाकट्याचंच वाक्य तोंडात आलं.

"काकांना सांग," त्या म्हणाल्या, "मी रागावलेली नाही. माणूस विसरतो."

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. शेजारच्या पलंगावर एक बाई होती, तिची मुलगी होती, नर्स ये-जा करत होती. इतक्या लोकांत कसं सांगणार? आणि त्यांना त्रास होऊ नये हेही महत्त्वाचं. दम लागलेल्या माणसाला धक्का देऊ नये.

काकांना बाईंचा निरोप मात्र फोन करून लगेच दिला. ते "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "बाई मोठ्या मनाच्या आहेत."

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याचं बिऱ्हाड डब्यातून बाहेर काढलं. त्याला आता त्यावर पुढच्या स्पर्धेची नोंदणी सुरू करायची होती, म्हणून फोनवर कडाक्याचं भांडण झालं.

"तुझ्यामुळे माझ्या एका कामाचा खोळंबा झाला," मी म्हणाले.

"माझ्यामुळे? मी विचारलं, तू हो म्हणालीस. तू नाही म्हणाली असतीस तर मी दुसरीकडे गेलो असतो. काय झालं एवढं?"

काय झालं ते त्याला सांगता येईना, म्हणून मीच फोन आपटला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दिवसभर बसून निरोप्या नव्याने लिहिला. आता समोरच्या फोनने पोच दिल्याशिवाय ‘पाठवला’ दिसणारच नाही. पोच आली नाही तर मेट्रनच्या पडद्यावर लाल अक्षरं येतील. प्रत्येक बिऱ्हाडाला मेमरीची हद्द आखून दिली, कुणी कितीही गर्दी आणली तरी दुसऱ्याच्या वाट्याला हात लावता येणार नाही. पाहिजे होतं तेव्हा का नाही केलं, असं वाटलं, पण निदान आता केलं. मन जरा हलकं झालं.

नवऱ्याला अभिमानाने दाखवलं. "आता अशी चूक पुन्हा होणं शक्य नाही."

"आधी कशी झाली होती?" त्याने विचारलं.

"कुठली?"

तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला आत गेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वह्या-पेन्सिलींच्या दुकानात हळूकाका भेटले. काउंटरवर त्या चिकटणाऱ्या पिवळ्या कागदांची चांगली चळत घेऊन उभे होते. मी मागच्या मागे सटकणार होते, तेवढ्यात त्यांनी पाहिलं.

"तू कंप्युटरवाली," ते म्हणाले. एकेक शब्द सावकाश. "नवरा चष्म्याच्या दुकानात. तुझं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात उजेड कमी. बरोबर?"

"बरोबर काका."

"आणि मी तुझ्याकडे मंगळवारी आलो होतो. या मंगळवारी नाही, त्याच्या आधीच्या."

"हो."

"हं," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

चांगला टोमणा मारला. सगळं लक्षात आहे माझ्या, तू काय केलंस ते पण मला ठाऊक आहे, असंच सुचवायचं असणार. घरी येईपर्यंत कान गरम होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्यांना खरंच संशय आला असेल तर? मेट्रनशी बोलले असतील?

२३ फेब्रुवारी, रविवार

काकूंचा, म्हणजे हळूकाकांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा वाटलं, झालं, कळलं यांना. पण त्यांना वेगळंच हवं होतं. काकांच्या फोनमध्ये आठवण करून देणारी घंटा लावून हवी होती. दुकानातल्या पोराने लावून दिली होती पण ती नीट वाजत नाही.

लगेच गेले. त्यांची गाडी अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली होती, चहूबाजूंनी दोरीने बांधलेली. काका खुर्चीत बसून सांगत गेले, मी लावत गेले. सकाळची गोळी. गॅस बंद केला का. नळ बंद केला का. दाराची कडी. संध्याकाळी मुलीला फोन. "आणि एक असं लाव," ते म्हणाले, "की सकाळी उठल्यावर वार कुठला ते सांगेल."

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर कपाटांवर सगळीकडे ते पिवळे कागद. साखर. मीठ. कपबश्या. एकूण काकांनी व्यवस्थितपणा मनावरच घेतलाय. या वयात नवीन शिकायची हौस कौतुकास्पद आहे.

काकू मात्र घुम्या बसल्या होत्या. मी निघताना त्यांनी माझा हात धरून "तुझे उपकार झाले" म्हटलं. मला वाटलं, चला, माझ्या हातून थोडं तरी काही भरून निघालं. येताना भाजी घेतली, घरी जरा नीट स्वयंपाक केला. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मेट्रन आल्या होत्या, नवीन लाल अक्षरं समजून घ्यायला. काम झाल्यावर पर्समधून मंडळाचं एक ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे यादीतून काढून टाक."

हळूकाकांचं होतं.

"ते सोडतायत?"

"गाडीच सोडली त्यांनी. किल्ल्या काकूंकडे दिल्या, सांगितलं, मी मागितल्या तरी देऊ नकोस." मेट्रनचा आवाज चिरकला. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. "त्यांचे थोरले भाऊ असेच गेले ना. आधी निरोप विसरले, मग वाटा, मग माणसं. शेवटी काकांनाच घरात चोर समजून काठी घेऊन धावायचे. काकांनीच केलं त्यांचं सगळं. त्या दिवशी तुझ्याकडून परत जाताना गाडीत मला म्हणाले, सुरू झालं. मला वाटलं ते गंमत करतायत."

"पण एका निरोपावरून?"

"एका कसल्या? आता त्यांना रोज काहीतरी सापडतं. चष्मा कुठे ठेवला आठवत नाही, की सुरू झालं. अगं, चष्मा मलाही सापडत नाही. पण मनाने घेतलं की घेतलं. पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासणी आहे. रात्र रात्र जागे असतात. विसरू नये म्हणून उजळणी करत बसतात, कोण कुठे राहतं, कोणाचा नवरा काय करतो."

टोमणा म्हणून मी इथे काय काय लिहिलंय ते मागचं पान उलटून वाचलं. वाचवेना. मी त्या घरात बसून, तोंडभर हसत, त्या माणसाला वार सांगणारी घंटा लावून आले. आणि येताना भाजी घेतली.

मेट्रनना तेव्हाच सांगायचं होतं. त्या रडत होत्या. मी त्यांना पाणी दिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गेले नाही. काकांना सांगायला जायचं होतं, पण काल भरतकामवालीचं काम निघालं. आज डोकं दुखत होतं. दोन्ही खरं आहे.

असंही मनात येतं की डॉक्टर तपासतीलच, काही नाही म्हणून सांगतील, काका आपोआप सुटतील. मग कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. हे मनात आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच किळस आली.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना चष्मा पुसत राहिला. मला वाटलं रागावेल, किंवा जवळ घेईल. त्याने विचारलं, "मग तू इथे काय करतेस?"

"उद्या जाईन."

"उद्या शुक्रवार. त्यांचा आजचा दिवसही गेलाच की."

रात्री जेवायला समोरासमोर बसलो होतो, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

१ मार्च, शनिवार

शुक्रवारीही गेले नाही. आज गेले.

काका अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. वाटेत सगळं ठरवलं होतं. "काका, त्या रविवारी सर्व्हरवर एकदम फार ताण आला, एका यंत्रावर तीन-चार कामं असली की असं होतं, आणि त्यात निरोप पाठवणारा भाग बंद पडला..."

"बंद पडला म्हणजे?"

"म्हणजे निरोप गेले नाहीत."

नळीतलं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, माती वाहून बाहेर आली. "मला आला नव्हता?"

"नाही काका."

"मी पुसला नाही?"

"तुमच्यापर्यंत तो पोचलाच नाही. तुम्ही काही विसरला नाहीत."

त्यांनी नळी खाली टाकली आणि पायरीवर बसले. मला वाटलं, चक्कर आली. ते म्हणाले, "पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. या वेळी ‘बंद पडला’ म्हणताना जीभ अडखळली. तो पडला नव्हता. "मी बंद केला होता," म्हणाले. "भावाच्या कामाला जागा हवी म्हणून. मग सुरू करायला विसरले."

"तू विसरलीस," काका म्हणाले. त्यांचं तोंड हललं, हसू होतं की काय कळेना. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. ही काय सांगते ऐक. थांब, तू आता बोलू नकोस, हिला येऊ दे."

काकू पदराला हात पुसत आल्या. मी तिसऱ्यांदा सांगितलं. काका माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, जणू मी त्यांनी पाठ केलेली कविता म्हणत होते. काकूंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच."

"म्हणजे हे तुझ्या घरी आले तेव्हा?"

"माहीत होतं."

"आणि इथे बसून घंटा लावून दिल्यास तेव्हा?"

"तेव्हाही."

"मी तुझा हात धरला होता," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. त्यांनी आपला उजवा हात पाहिला आणि पदराखाली घेतला. "हे रात्री उठून माझं नाव म्हणून बघायचे. मी झोपेचं सोंग घ्यायचे, म्हणजे त्यांना लाज वाटू नये."

काकांना यातलं काही ऐकू आलं असावं असं वाटलं नाही. ते मुलीला फोन लावत होते. ती दुसऱ्या गावी असते, बापाला आपल्याकडे न्यायची तयारी करत होती. त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला. "सांग हिला. पहिल्यापासून."

चौथ्यांदा सांगताना माझ्याकडे एकही सबब उरली नव्हती. ताण, मेमरी, एका यंत्रावरची चार कामं, सगळं गळून गेलं होतं. भावापुढे मोठं दिसायचं होतं म्हणून मी निरोप बंद केले. चूक कळल्यावर रांगेतले निरोप पुसले. तुमचे वडील समोर बसून विचारत होते, असं होतं का, तेव्हा मी हो म्हणाले. एवढंच सांगायचं होतं. पहिल्याच दिवशी एका दमात सांगून झालं असतं.

 मग तिने विचारलं, "बाबांना काही झालेलं नाही ना मग?"

"नाही," मी म्हणाले.

तिच्या रडण्याचा आवाज अंगणभर झाला. काका फोन कानाला लावून "अगं, अगं" करत आत गेले. काकू माझ्याबरोबर बाहेर उभ्या राहिल्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

३ मार्च, सोमवार

मेट्रननी मंडळाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. त्यांना काल सांगितलं तेव्हा त्या एकच म्हणाल्या, "त्या दिवशी मला पाणी आणून दिलंस." आज सगळं बांधून दुसऱ्या माणसाच्या यंत्रावर हलवलं. माझ्याच हाताने सगळ्या गाडीवाल्यांना, झालेला प्रकार लिहून, माझ्या नावानिशी निरोप पाठवायला लावला. प्रत्येकाच्या फोनची पोच आली. उत्तर कुणाचंच नाही.

गणिताच्या बाई आता घरी आहेत. पाठ फिरवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "मी काकांना माफ केलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडून परत कशी घेऊ ती माफी? त्यांना तिची गरजच नव्हती." मग दमल्या आणि डोळे मिटून पडल्या. मला काही माफी दिली नाही, मीही मागितली नाही.

खाली आले तर हळूकाका गाडी घेऊन उभे. बाईंना आज डायलिसिस नव्हतं. मी इथे आहे हे त्यांना मेट्रनकडून कळलं असावं. "बस," म्हणाले. मी चालत जाईन म्हटलं, तर दार उघडून धरलं.

ते आपल्या चालीने गाडी चालवत होते, मागून लोक भोंगे वाजवत होते.  मग रस्ता दाखवावा तशा आवाजात म्हणाले, "तपासणीला जाणार होतो ना, तिथे काही निघालं नसतं तरी मी विश्वास ठेवला नसता. थोरल्यालाही पहिल्यांदा काही नाही म्हणूनच सांगितलं होतं. मी मनात ठरवून ठेवलं होतं, तुझ्या काकूला त्यातून जायला लावायचं नाही, त्याच्या आधीच काय ते करायचं."

"म्हणजे काय काका?"

"म्हणजे काय ते आता कशाला," ते म्हणाले आणि वळणावर नीट दोन्हीकडे बघून गाडी वळवली.

माझ्या घरासमोर गाडी थांबली. काकांनी माझ्या बाजूची कडी काढून दिली. दार उघडं होतं, आणि मला कितीतरी वेळ उतरता येईना.